अर्ध्या सेकंदाचे हात

पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. सोनलचा उजवा अंगठा तिच्या खालच्या ओठापासून बोटभर अंतरावर होता. नख वर, बाकीची चार बोटं मिटलेली. अंगठ्याची कड पुसट दिसत होती, म्हणजे तो हलत होता. ओठ मात्र मिटलेले आणि स्वच्छ होते. खालच्या ओठावरची फुटलेली साल दिसावी इतके स्वच्छ.

"हे काढ," मावशी म्हणाली.

"काढलंय. हे काढल्यानंतरचंच आहे."

"मग हा हात कसा राहिला?"

"त्याच्या आधीचं सगळं गेलं. एवढा तुकडा राहतो."

"राहतो म्हणजे? राहू नको म्हणावं त्याला."

कालिंदीमावशी माझ्या आईची मोठी बहीण. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी तिने मूकबधिर मुलांची निवासी शाळा काढली होती आणि आयुष्यभर तीच चालवली. त्या वर्षी मी एम.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरी बसले होते. "नुसती बसलीयस तर इकडे ये, मुलांच्या डिस्क करून दे," असा तिचा फोन आला, आणि मी माझा संगणक चादरीत गुंडाळून एसटीने तिच्याकडे गेले. आता ती डिस्क लावायला घरात यंत्रसुद्धा उरलेलं नाही. पण तेव्हा खेडोपाडी टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आले होते, आणि मावशीच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी जातात आणि वर्षभर शिकलेले शब्द विसरून येतात. म्हणून प्रत्येक घरी एक डिस्क द्यायची. पडद्यावर एक मूल येणार, एक शब्द उच्चारणार. घरच्या मुलाने त्याच्या ओठांकडे पाहून तो शब्द म्हणायचा.

चित्रण मी स्वतःच केलं होतं. मुलं ओळीने बाकांवर बसलेली, हात मांडीखाली दाबलेले. हा तिथला नियम होता. 'हात मांडीखाली, डोळे ओठांवर,' असं फळ्यावर कायमचं रंगवलेलं होतं. हात मोकळे राहिले तर मुलं खुणा करतात, आणि खुणा आल्या की जीभ आळशी होते, हे मावशीने तरुणपणी प्रशिक्षणात शिकलेलं आणि पुढे तिच्या बोलण्याचालण्यात मुरलेलं तत्त्व होतं. तिला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी बहुतेक शाळांत तसंच शिकवत. आणि तिने बोलती केलेली मुलं मी ऐकली होती.

पण चित्रण पाहताना एक गोष्ट मला दिसली. शब्द उच्चारण्याच्या अगदी आधी प्रत्येक मुलाचा हात मांडीखालून निसटायचा. हवेत काहीतरी करायचा आणि परत जायचा. मग तोंड उघडायचं. मावशीला हे निसटणारे हात डिस्कमध्ये नको होते.

"नीट सांग मला," तिने खुर्ची ओढली. "कात्रीने कापतो तसं जिथे पाहिजे तिथे का नाही कापता येत?"

"यात प्रत्येक चित्र पूर्ण नसतं, मावशी. एक चित्र पूर्ण असतं. त्यानंतरच्या चित्रांत आधीपेक्षा काय हललं तेवढंच लिहिलेलं असतं. मग पुन्हा एक पूर्ण. अर्ध्या सेकंदाला एक. मधल्याच चित्रापासून सुरुवात केली तर त्याला मागचं काही माहीत नसतं."

"म्हणजे अर्धा तास उशिरा वर्गात आलेलं पोर."

"अगदी तसंच. म्हणून कापायचं ते पूर्ण चित्रावरच."

"मग पुढच्या पूर्ण चित्रावर काप. हात जाईल."

"हात जाईल, पण तोवर ओठ उघडलेले असतात. पाणी म्हणताना ते आधी मिटतात, तेच दिसणार नाही."

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. ओठ मिटलेले दिसले नाहीत तर शब्दाचा अर्धा जीव गेला, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"दुसरा मार्ग नाही?"

होता. सगळं चित्रण पुन्हा नव्याने दाबून, कमी जागेत मावेल असं लिहायचं, म्हणजे हव्या त्या जागी कापता येतं. पण कॅमेऱ्याने ते एकदा दाबूनच घेतलेलं होतं. पुन्हा दाबलं की बारीक तपशील जातो. मी तसा एक तुकडा आधीच करून ठेवला होता. तो लावला. एक मुलगा 'वही' म्हणत होता. ओठांच्या कडेला छोटे छोटे चौकोन उमटले होते.

"याचा दात कुठे गेला?" मावशी पडद्याला नाक लावून म्हणाली. "व म्हणताना खालच्या ओठाला वरचा दात टेकतो. मी महिनाभर आरशासमोर बसवून टेकवलाय तो! कुठे गेला?"

"दुसऱ्यांदा दाबताना गेला."

"नको. असलं पाठवायचं तर न पाठवलेलं बरं. फक्त जोडाच्या जागी दाब ना, बाकीचं तसंच राहू दे."

"ते करून पाहिलं. तेवढाच अर्धा सेकंद खराब होतो. पण ओठ नेमके त्याच अर्ध्या सेकंदात मिटतात."

"मग हातावर काळी पट्टी मार."

"त्यालाही पुन्हा दाबावं लागेल."

बाजूने हसण्याचा आवाज आला. दारात शालन उभी होती, खांद्यावर मापाची टेप, हातात मुलींच्या परकरांचा ढीग. ती शाळेची शिवणाची बाई. तिलाही ऐकू येत नव्हतं. मावशीच्या अगदी पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. ती बोलायची. आवाज सपाट होता आणि प्रत्येक शब्द उचलून खाली ठेवल्यासारखा वाटायचा, पण दोन दिवसांत मला तिचं सगळं कळायला लागलं होतं. आमचे ओठ तिने दारातूनच वाचले होते.

"काळी पट्टी?" ती म्हणाली. "हात चोर आहे?"

"तू परकर शिव," मावशी तिच्याकडे तोंड करून म्हणाली.

"शिवले. बाई, शिशुवर्ग?"

"बघू."

शालनने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. दर उन्हाळ्यात ती हे विचारायची, आणि मावशी दर उन्हाळ्यात 'बघू' म्हणायची. लहान मुलांचा वर्ग शालनला हवा होता आणि तिला तो हातांनी शिकवायचा होता. आधी खुणेने अर्थ पोहोचू दे, शब्द मागून येईल, असं तिचं म्हणणं. मावशीने तिला कधी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. शिकवण्याची पात्रता होती. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमातून शालनने ती मिळवली होती. अडलं होतं ते मावशीपाशी.

शालन गेल्यावर मी सोनलचं थांबवलेलं चित्र पुन्हा लावलं आणि मावशी त्याच्याकडे पाहत बसली.

"हिचा बाप उद्या येतोय," ती म्हणाली. "फोनवर सांगितलंन, जूनला परत पाठवणार नाही. वर्ष झालं, एक शब्द नाही, मग कशाला ठेवायची म्हणे. खोटं नाही बोलत. आवाज नाहीच काढला पोरीने. पण ओठ बघ की! पा म्हणायला कसे मिटलेत. त्याला एवढं दाखवलं तर थांबेल तो. म्हणून म्हणते, हा तुकडा स्वच्छ हवा."

"आणि नाही थांबला तर?"

"तर ती चार वर्षांची पोर घरी बसेल. शेरडं राखेल. कुणी काही बोलणार नाही तिच्याशी जन्मभर." मावशी उठली. "काप नीट."

मी नीटच कापलं होतं. त्याहून नीट कापणं त्या फाइलच्या रचनेत बसत नव्हतं.

माझ्याकडे आणखी एक तुकडा होता, तो मी मावशीला दाखवला नव्हता. चित्रणाच्या दिवशी कॅमेरा तिकाटण्यावर तसाच चालू ठेवून मी चार्जर आणायला गेले होते. वर्गाच्या बाईही बाहेर गेल्या होत्या. दार लागलं, आणि सगळ्या मुलांचे हात एकदम मांडीखालून वर आले. सोनल बाकावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी काहीतरी सांगू लागली. बाकीची तिच्याभोवती जमली. ती ओढत होती, वाकत होती, गाल फुगवत होती. शेवटी मुलं इतकी हसली की एक जण बाकावरून पडला. मग दाराशी सावली आली आणि सगळे हात खाली गेले.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. न कळलेली नोंद पुसायची नाही, एवढं प्रयोगशाळेने शिकवलं होतं. मी तो तुकडा वेगळा ठेवला आणि शालनला दाखवला. ती हसता हसता खाली बसली. डोळे पुसले.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"नाही सांगणार."

"का?"

तिने स्वतःच्या नाकावर चष्मा वर सारल्याची खूण केली. मी चष्मा लावते, म्हणून शाळेत माझं नाव तेच पडलं होतं. "तू विचारतेस. बाईंनी विचारलं पाहिजे. त्या विचारतील, तेव्हा सांगेन."

"त्यांनी नाहीच विचारलं तर?"

"मी थांबते. मला सवय आहे."

पोपट जगदाळे दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उंच, उन्हाने रापलेला माणूस, खांद्यावर टॉवेल. चपला बाहेर काढून तो कार्यालयात आला आणि बसा म्हटलं तरी उभाच राहिला. शालन कोपऱ्यात परकरांना नाड्या ओवत बसली होती. मावशीने तिला जा म्हटलं नाही.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमी लई केलं. पर आता म्या तिला न्हेतो ती न्हेतोच."

"पोपटराव, आधी बसा. पाणी घ्या."

"पानी मागून घ्येतो की. पोरीला मागता यील का, त्ये सांगा."

मावशीने मला खूण केली. मी डिस्क लावली.

सोनल पडद्यावर आली. अंगठा ओठाजवळ, झटकन खाली. ओठ मिटले, उघडले. आवाज नाही. वर्गातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

पोपटराव वाट पाहत राहिला. "मंग?"

"झालं," मावशी म्हणाली. "पा म्हणाली ती. ओठ पाहिलेत ना? आवाज येईल हळूहळू. घशावर हात ठेवून सराव—"

"परत लावा."

मी परत लावलं. तो पुढे वाकला.

"ह्ये आधी हातानं काय केलं तिनं?"

"ते काही नाही," मावशी म्हणाली. "ते चुकून राहिलंय."

"चुकून कसं? असा अंगठा केला की." त्याने स्वतःचा जाड अंगठा ओठाकडे नेला, आणि नेता नेता थांबला. "पानीच म्हनली की ही. घरी बी करती असं. म्या म्हनायचो, अंगठा चोखती, आन हात खाली मारायचो."

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पडद्यावर जिथे चित्र थांबलं होतं तिथे पाहत होती.

"मावशी," मी म्हणाले, "सोनलचा अजून एक तुकडा आहे. मोठा आहे. मी कॅमेरा चालू ठेवून गेले होते तेव्हाचा."

"शब्द आहे त्यात?"

"मला माहीत नाही. मला कळला नाही."

मावशीने चष्मा नाकावर नीट बसवला. "लाव."

मी लावला. मुलांचे हात मांडीखालून वर आले तेव्हा मावशी खुर्चीत पुढे सरकली. आपल्या पाठीमागे वर्ग काय करतो हे ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. सोनल बाकावर चढली. हात ओढू लागले.

"काय करतीया ती?" पोपटराव म्हणाला. "आं? काय सांगतीया?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीने मान वळवली, आणि इतक्या वर्षांत तिने कधी न विचारलेलं विचारलं.

"शालन, काय म्हणतेय ती?"

शालनने परकर बाजूला ठेवला आणि पडद्याशी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून लावलं. शालन पडद्यावरच्या हातांकडे पाहत एकेक शब्द ठेवू लागली.

"आमची म्हैस. पोट मोठं. रात्र. म्हैस ओरडते. बाबा गोठ्यात. मी दाराच्या फटीत."

पोपटरावाने टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला.

"बाळ उलटं. पाय पहिले. बाबा पाय धरतो. ओढतो. ओढतो. बाबा पडतो, शेणात." पडद्यावर मुलं हसली. "बाळ बाहेर. बाळ हलत नाही. बाबा नाकात काडी घालतो. गवताची. एकदा. दोनदा. मग बाळ—"

पडद्यावर सोनलने गाल फुगवले, डोळे मिटले आणि सगळं अंग झटकलं.

"शिंकलं!" पोपटराव ओरडला. "शिंकलं रेडकू! बाई, आईच्यान् शिंकलं! पिंजराची काडी घातली नाकात तवा शिंकलं! दिवाळीला आलती ती घरी, तवाची गोष्ट. पर ही झोपल्याली की! म्या तिला आत झोपवून आल्तो!"

"थांबा," शालन म्हणाली. "संपलं नाही. बाबा रडतो. बाबा बाळाचा मुका घेतो. नाकावर. इथे." तिने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "बाबाच्या मिशीला शेंबूड."

मावशीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत राहिले. पोपटराव लाजून लालबुंद झाला होता. त्याने टॉवेलने मिशी पुसली, जणू अजून तिथे काही असावं.

"त्यो मुका कुनालाच म्हाईत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कारभारनीला बी न्हाई." मग त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "समदं बघितलं तिनं. समदं ध्यानात ठेवलं. आन म्या म्हनतो, पोरगी बोलत न्हाई."

तेवढ्यात वसतिगृहाच्या बाई सोनलला घेऊन आल्या. डोक्याला तेल, हातात कपड्यांची पिशवी. तिने बापाला पाहिलं, पडद्यावर स्वतःला पाहिलं, आणि मग तिची नजर मावशीकडे गेली. हात पाठीमागे गेले.

पोपटराव तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने दोन्ही मुठी एकत्र केल्या आणि ओढल्यासारखं केलं. फार वाईट केलं. दोरी ओढतोय की पोहरा, काही कळेना. मग एक बोट नाकाशी नेलं आणि गाल फुगवून शिंकला.

सोनल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली टाकली, त्याचं मनगट धरलं, बोट नाकापासून थोडं खाली आणून तिरकं केलं आणि मान हलवली. काडी अशी घालतात. तू घातलीस तशी नाही.

"चुकलं व्हय?" तो हसत, रडत म्हणाला. "चुकलं माझं. दाव परत."

तिने परत दाखवलं. मग आणखी काहीतरी विचारलं, भुवया उंचावून, बोटं झरझर हलवत. त्याला कळलं नाही. त्याने मान वर करून शालनकडे पाहिलं.

"विचारते, बाळ आता केवढं," शालन म्हणाली.

त्याने कमरेच्या वर हात नेला. मग जरा विचार करून आणखी वर. सोनलचे डोळे मोठे झाले. तिने त्याचा हात धरून थोडा खाली ओढला. इतकं नसेल.

"आता ही बी शिकवनार मला, रेडकू केवढं त्ये," तो म्हणाला आणि उठला. त्याचा आवाज बदलला होता. "बाई, एक इचारू? म्या अडानी मानूस. पर आता घरी गेल्यावर ही मला असं काय काय इचारनार. मला काय कळनार? आन माझं तिला काय कळनार? ह्ये हातानं बोलायचं हितं शिकवत्यात का?"

"इथे बोलायला शिकवतात," मावशी म्हणाली. "ओठांनी."

"त्ये शिकवा की. नको कोन म्हनतंय? पर ह्ये?"

मावशीने सोनलच्या हातांकडे पाहिलं.

"शिकवनार असाल तर जूनला आनतो," तो म्हणाला. "तिला आनतो, आन रविवारी म्या बी यीन. न्हायतर, बाई, रागावू नका, घरी हिचा हात कुनी मारनार न्हाई. हितं मांडीखाली ठेवायला लावत्यात. मंग घरीच बरी की वो ती."

तो रागाने बोलला नाही, म्हणूनच ते फार लागलं. मी कळफलकाकडे पाहत बसले. शालन पुन्हा कोपऱ्यात गेली नव्हती; पडद्याशेजारी उभी होती, पण मावशीकडे पाहत नव्हती. मुद्दामच. ओठ वाचायचे नसतील तर ती अशी नजर वळवायची. पुन्हा 'बघू' ऐकायची तिची इच्छा नसावी.

मावशी उठून खिडकीपाशी गेली. बाहेर मुलं पिशव्या घेऊन आईबापांची वाट पाहत होती. दुपारच्या सावलीत, कुणाचं लक्ष नाही असं समजून, सगळ्यांचे हात चालू होते. ती बराच वेळ पाहत राहिली. हे सगळं तिला माहीत नव्हतं असं नाही. पण दिसणं वेगळं.

"मृण्मयी," ती पाठमोरीच म्हणाली, "बाकीच्या मुलांच्या तुकड्यांत शब्दाआधी तू किती कापलंस?"

"कापता येईल तेवढं."

"ते परत जोडता येईल?"

"मूळ फाइल आहे तशीच आहे. ती पुन्हा कुठेच दाबलेली नाही."

"मग जोड. हात पूर्ण दिसू दे. मग ओठ. दोन्ही स्वच्छ."

"हो."

ती वळली. दोन पावलं चालून शालनच्या समोर आली आणि तिच्या हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. खिडकीचा उजेड मावशीच्या तोंडावर यावा अशी ती उभी राहिली होती. तिचा उजवा हात जरासा वर आला, हवेत अडखळला. कोणती खूण करायची ते तिला येत नव्हतं. तो तसाच अर्धवट धरून ती सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"शालन, जूनपासून शिशुवर्ग तुझा. हातांनी शिकव. आणि मलाही शिकव."